मुक्त सागरातील देवमाशांचे प्रजनन व ताण यांचा संप्रेरकाधारित अभ्यास : उत्तर अटलांटिक राइट व्हेलच्या विशेष संदर्भात

सारांश :
महाकाय देवमाशाचे रक्त तो जिवंत व मुक्त असताना तपासता येत नाही. त्यामुळे त्याचे प्रजनन आणि त्याच्यावरील ताण यांविषयीचे आपले ज्ञान दीर्घकाळ मृत प्राण्यांच्या परीक्षणावर अवलंबून होते. विष्ठा, उच्छ्वास आणि बलीन यांतील संप्रेरकांच्या मापनामुळे गेल्या पंचवीस वर्षांत ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघाली आहे. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे तत्त्व, तिची कार्यपद्धती, तिच्यातून हाती आलेले प्रमुख निष्कर्ष आणि तिच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. संप्रेरकाच्या आकड्याला अर्थ प्राप्त होतो तो त्या प्राण्याची व्यक्तिगत ओळख आणि दीर्घकाळ जपलेल्या नोंदी यांमुळेच, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

बीजसंज्ञा : देवमासा, संप्रेरक, राइट व्हेल, प्रोजेस्टेरॉन, ग्लुकोकॉर्टिकॉइड, अनाक्रमक पद्धती.

१. प्रस्तावना :

पदवीच्या वर्गात अंतःस्रावी ग्रंथींचे प्रकरण शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारला, "माणसाचे रक्त घेता येते, उंदराचेही घेता येते, पण समुद्रातल्या देवमाशाची संप्रेरके कशी मोजणार?" प्रस्तुत लेखकाला त्या तासाला या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. नंतर केलेल्या वाचनातून लक्षात आले की, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नसून एका संपूर्ण प्रजातीच्या भवितव्याशी निगडित आहे. विविध विद्याशाखांतील सहकारी प्राध्यापकांना त्या वाचनाचा परिचय करून द्यावा, हा या लेखाचा हेतू होय.

आपण ज्याला 'देवमासा' म्हणतो तो मासा नव्हे. तो फुप्फुसांनी श्वास घेणारा, पिल्लाला जन्म देऊन दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. त्याच्या शरीरातील संप्रेरके रासायनिक दृष्ट्या बहुतांशी माणसाच्या संप्रेरकांसारखीच आहेत. अडचण आहे ती त्याच्या आकाराची व अधिवासाची. उत्तर अटलांटिक महासागरातील राइट व्हेल सुमारे १५ मीटर लांब असतो आणि त्याचे वजन ६० टनांपर्यंत जाऊ शकते. अशा प्राण्याला पकडणे, भूल देणे, त्याचे रक्त काढणे आणि त्याला सुखरूप सोडून देणे यांपैकी काहीही व्यवहारात शक्य नाही.

या प्रजातीच्या नावातच तिच्या दुर्दैवाची कथा आहे. हा प्राणी संथ पोहतो, किनाऱ्याजवळ वावरतो, मेल्यावर तरंगतो आणि त्याच्यापासून तेल भरपूर मिळते. म्हणून शिकाऱ्यांच्या दृष्टीने तो मारण्यास 'योग्य', म्हणजेच 'राइट', ठरला, असे सांगितले जाते. शिकारीवर बंदी येऊन अनेक दशके लोटली, तरी आज या प्रजातीचे चारशेहूनही कमी प्राणी शिल्लक आहेत आणि त्यांतील प्रजननक्षम माद्या सुमारे ७० आहेत. २०१७ या एका वर्षात १७ राइट व्हेल मृतावस्थेत आढळले. त्यांपैकी १२ कॅनडाच्या आणि ५ अमेरिकेच्या जलक्षेत्रात होते. त्यानंतरच्या, म्हणजे २०१७-१८ च्या प्रसूतिहंगामात एकही नवजात पिल्लू दिसले नाही. निरोगी मादीला साधारणतः तीन वर्षांनी एक पिल्लू व्हावे, असे अपेक्षित असते. अलीकडे मात्र हे अंतर सहा ते दहा वर्षांपर्यंत वाढले आहे.

येथे मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. पिल्ले कमी दिसतात याचे कारण काय? माद्यांना गर्भधारणाच होत नाही, की गर्भ राहून तो गळून पडतो, की जन्मलेले पिल्लू नजरेस पडण्यापूर्वीच मरते? या तिन्ही शक्यतांवरील उपाय वेगवेगळे आहेत. केवळ शिरगणतीतून त्यांच्यात भेद करता येत नाही. त्यासाठी प्राण्याच्या शरीरात काय चालले आहे हे कळावे लागते.

२. उद्दिष्टे :

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) प्राण्याला स्पर्श न करता संप्रेरके मोजण्याच्या पद्धतीचे तत्त्व स्पष्ट करणे.
(२) या पद्धतीतून प्रजनन व ताण यांविषयी हाती आलेल्या प्रमुख निष्कर्षांचा परामर्श घेणे.
(३) या पद्धतीच्या मर्यादा आणि भारतीय संदर्भातील तिची उपयुक्तता तपासणे.

३. पद्धतीचे तत्त्व :

अंडाशय, वृषण, अवटू ग्रंथी व अधिवृक्क ग्रंथी यांतून स्रवणारी संप्रेरके रक्तावाटे शरीरभर फिरतात. त्यांचे कार्य झाले की यकृत त्यांचे रासायनिक रूपांतर करते आणि हे रूपांतरित पदार्थ पित्तावाटे आतड्यात येऊन विष्ठेतून बाहेर पडतात. म्हणजेच शरीरात घडून गेलेल्या घटनांचा एक रासायनिक ठसा विष्ठेत उरतो. प्रोजेस्टेरॉन गर्भावस्था टिकवून धरते, इस्ट्रोजेन स्त्री-प्रजननचक्राशी आणि टेस्टोस्टेरॉन नराच्या प्रजननक्षमतेशी संबंधित आहे. कॉर्टिसॉल व त्याच्या गटातील ग्लुकोकॉर्टिकॉइड ही संप्रेरके शरीरावर ताण आला असता अधिवृक्क ग्रंथीतून अधिक प्रमाणात स्रवतात.

विष्ठेच्या नमुन्याचा एक गुण विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. रक्तातील संप्रेरकाची पातळी क्षणाक्षणाला बदलते. प्राणी पकडला गेला या भीतीनेच रक्तातील कॉर्टिसॉल काही मिनिटांत वाढते आणि मोजमापच दूषित होते. विष्ठेत मात्र मागील बऱ्याच तासांतील स्रावाची गोळाबेरीज साठलेली असते. नमुना गोळा होताना प्राणी तेथून निघूनही गेलेला असतो. त्यामुळे मोजणाऱ्याच्या उपस्थितीचा परिणाम मोजमापावर होत नाही. मोजणे हेच ताणाचे कारण ठरू नये, ही अट येथे आपोआप पाळली जाते.

प्रयोगशाळेत हे नमुने वाळवून, द्रावकात अर्क काढून, प्रतिपिंडांवर आधारित चाचणीने तपासले जातात. संप्रेरकाचा विशिष्ट रेणू ओळखून त्याला चिकटणारे प्रतिपिंड येथे मोजपट्टीचे काम करतात. तथापि मानवी रक्तासाठी तयार झालेली चाचणी देवमाशाच्या विष्ठेलाही लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून अर्क टप्प्याटप्प्याने विरल करून चाचणीचा प्रतिसाद प्रमाणित द्रावणाच्या आलेखाशी समांतर जातो का, हे प्रथम पाहिले जाते. तसेच अर्कात संप्रेरकाचे ज्ञात प्रमाण मिसळून ते बरोबर मोजले जाते का, हेही तपासले जाते.

यापुढची पायरी जैविक पडताळणीची. पाळीव प्राण्याला संप्रेरक टोचून विष्ठेत होणारा बदल पाहता येतो. देवमाशाच्या बाबतीत ते अशक्य आहे. येथे एकच मार्ग उरतो. ज्या मादीचा नमुना उन्हाळ्यात घेतला ती पुढील हिवाळ्यात पिल्लासह दिसली, तर नमुना घेतला त्या वेळी ती गर्भवती होती, हे निश्चित होते. पण त्यासाठी नमुना कोणत्या मादीचा, हे ठाऊक असले पाहिजे.

४. ओळख आणि नमुना :

राइट व्हेलच्या डोक्यावर खडबडीत, फिकट दिसणाऱ्या खपल्यांची एक रचना असते. ही रचना प्रत्येक प्राण्यात वेगळी असते. जणू ती त्याच्या चेहऱ्याची ठेवण. बॉस्टन येथील न्यू इंग्लंड अ‍ॅक्वेरियम या संस्थेच्या संशोधकांनी १९८० पासून फंडीच्या उपसागरात या प्राण्यांची छायाचित्रे घेण्यास प्रारंभ केला. त्यातून या प्रजातीच्या जवळजवळ प्रत्येक ज्ञात प्राण्याची नोंदवही तयार झाली. कोणत्या मादीला कोणत्या वर्षी पिल्लू झाले, कोणाच्या अंगावर दोरखंडाचे व्रण आहेत, कोण किती वर्षांचा आहे, हे त्या नोंदवहीत पाहता येते. विष्ठेतील पेशींपासून मिळणाऱ्या डीएनएवरूनही नमुन्याच्या धन्याची ओळख पटवता येते.

याच संस्थेतील रोझालिंड रोलंड यांनी १९९९ मध्ये राइट व्हेलच्या विष्ठेचे नमुने पद्धतशीरपणे गोळा करण्यास सुरुवात केली. हा प्राणी कोपेपॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी जीव गाळून खातो. त्यामुळे त्याची विष्ठा तांबूस-तपकिरी दिसते, काही काळ पाण्यावर तरंगते आणि तिला अतिशय उग्र दर्प असतो. बारीक जाळीच्या झोळीने ती उचलून लगेच गोठवली जाते.

अथांग पाण्यात असा नमुना नजरेस पडणे हा बराचसा योगायोगाचा भाग होता. ही अडचण कुत्र्यांच्या साहाय्याने दूर झाली. वॉशिंग्टन विद्यापीठातील सॅम्युएल वासर यांनी वन्य प्राण्यांच्या विष्ठेतील संप्रेरकांचा अभ्यास आणि ती शोधणाऱ्या प्रशिक्षित कुत्र्यांचा उपयोग या दोन्ही क्षेत्रांत मोलाचे काम केले होते. तीच युक्ती समुद्रात योजण्यात आली. वाऱ्याची दिशा पाहून होडी आडवी चालवायची, कुत्र्याला होडीच्या नाळेवर उभे करायचे आणि त्याचे नाक ज्या बाजूला वळेल तिकडे सुकाणू फिरवायचे, अशी ही रीत आहे. या कुत्र्यांना सुमारे दोन किलोमीटर अंतरावरील नमुन्याचाही वास येत असल्याचे आढळले आणि नमुने मिळण्याचे प्रमाण चौपटीहून अधिक वाढले. अत्याधुनिक रसायनशास्त्राची पहिली पायरी कुत्र्याच्या नाकावर अवलंबून असावी, ही गोष्ट उपकरणांच्या अभावाने संशोधन अडते असे मानणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

५. प्रजननविषयक निष्कर्ष :

२००५ मध्ये रोलंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी राइट व्हेलच्या विष्ठेतील प्रजनन-संप्रेरकांविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. नोंदवहीतील माहितीशी आकडे ताडून पाहिले असता गर्भवती माद्यांमध्ये प्रोजेस्टेरॉन-गटातील पदार्थांचे प्रमाण इतर प्राण्यांच्या तुलनेत इतके अधिक आढळले की, निदानात संदिग्धता फारशी उरत नाही. नरसंप्रेरके व इस्ट्रोजेन यांच्या परस्पर प्रमाणावरून लिंगाचा, तसेच प्रौढत्वाचा अंदाज बांधता येतो, हेही दिसून आले.

या निदानाचे महत्त्व प्रस्तावनेतील तीन शक्यतांच्या संदर्भात स्पष्ट होते. राइट व्हेलचा गर्भकाळ सुमारे एक वर्षाचा असून प्रसूती हिवाळ्यात, अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यालगत होते. उन्हाळ्यात गर्भवती ठरलेली मादी त्या हिवाळ्यात पिल्लाविना दिसली, तर गर्भ अथवा नवजात पिल्लू दगावले असे अनुमान निघते. उलटपक्षी, प्रौढ माद्यांच्या नमुन्यांत गर्भावस्थेच्या खुणा मुळातच कमी आढळल्या, तर गर्भधारणाच होत नसल्याचे समजते. जे नुकसान पूर्वी कोणालाही दिसत नव्हते, ते आता नोंदवता येऊ लागले.

हाच तर्क दुसऱ्या एका प्रजातीच्या बाबतीत अधिक ठळकपणे फलद्रूप झाला. अमेरिका व कॅनडा यांच्या पश्चिम सीमेवरील सॅलिश समुद्रात ओर्का, म्हणजेच किलर व्हेल, या दंतधारी प्राण्यांचा एक लहानसा समुदाय राहतो. त्यांची संख्या पंचाहत्तरच्या आसपास आहे आणि चिनूक जातीचा सामन मासा हे त्यांचे मुख्य अन्न आहे. वासर व सहकाऱ्यांनी २००८ ते २०१४ या काळातील विष्ठेच्या नमुन्यांचा अभ्यास करून २०१७ मध्ये जो निष्कर्ष मांडला तो अस्वस्थ करणारा आहे. संप्रेरकांवरून ज्या गर्भधारणा लक्षात आल्या त्यांपैकी ६९ टक्क्यांपर्यंत असफल ठरल्या होत्या, आणि या असफल गर्भधारणांपैकी सुमारे एक-तृतीयांश गर्भावस्थेच्या उत्तरार्धात अथवा प्रसूतीनंतर लगेच संपुष्टात आल्या होत्या. या माद्या वंध्य नव्हत्या. त्यांना गर्भ राहत होता, परंतु पुरेशा अन्नाअभावी तो टिकत नव्हता, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे.

६. ताणाचे मापन : सप्टेंबर २००१ :

जहाजांचा आवाज देवमाशांना त्रासदायक ठरत असावा, ही शंका जुनी आहे. पाण्यात प्रकाश फार दूर जात नाही, ध्वनी मात्र दूरवर जातो. त्यामुळे देवमाशाचे सामाजिक जीवन मुख्यतः श्रवणावर चालते. राइट व्हेलचे परस्परांना साद घालण्याचे स्वर कमी वारंवारितेचे असतात आणि मोठ्या जहाजांच्या पंख्यांची घरघरही त्याच पट्ट्यात येते. तथापि ही शंका तपासण्यासाठी प्रयोग कसा करावयाचा? जगातील व्यापारी जहाजे काही दिवस थांबवा, असे कोणताही संशोधक सांगू शकत नाही.

ते अनपेक्षितपणे घडले. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर विमानवाहतुकीप्रमाणे जहाजवाहतूकही काही काळ मंदावली. त्या सुमारास फंडीच्या उपसागरात दोन स्वतंत्र कामे चालू होती. सुझन पार्क्स या राइट व्हेलच्या ध्वनींचे मुद्रण करीत होत्या आणि रोलंड यांचा गट विष्ठेचे नमुने गोळा करीत होता. दोघींपैकी कोणाचाही उद्देश जहाजांच्या आवाजाचा परिणाम पाहणे हा नव्हता. पुढे काही वर्षांनी या दोन नोंदी एकत्र ठेवून पाहिल्या गेल्या आणि २०१२ मध्ये त्यांवर आधारित शोधनिबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

हल्ल्यानंतरच्या दिवसांत पाण्याखालील आवाज ६ डेसिबलने घटला होता आणि विशेषतः १५० हर्ट्झपेक्षा कमी वारंवारितेच्या पट्ट्यात ही घट ठळक होती. डेसिबल हे माप लघुगणकीय आहे; त्यामुळे ६ ही संख्या लहान वाटली तरी तिचा अर्थ ध्वनिदाब जवळपास निम्म्यावर येणे असा होतो. त्याच काळात घेतलेल्या नमुन्यांत ग्लुकोकॉर्टिकॉइडची पातळीही लक्षणीयरीत्या खालावलेली आढळली. हा ऋतुमानाचा परिणाम असेल का, हे तपासण्यासाठी संशोधकांनी २००२ ते २००५ या पुढील वर्षांतील त्याच तारखांचे नमुने पाहिले. त्या वर्षांत सप्टेंबरच्या मध्यास अशी घट दिसली नाही.

या निष्कर्षाची मर्यादा प्रांजळपणे सांगितली पाहिजे. ध्वनिमुद्रण मोजक्याच दिवसांचे होते, नमुनेही मर्यादित होते आणि घटना एकदाच घडलेली होती. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या एवढे त्यातून सिद्ध होते. एकीमुळेच दुसरी घडली, हे अनुमान आहे. तरीही जहाजांचा आवाज आणि देवमाशांमधील दीर्घकालीन ताण यांचा संबंध सुचवणारा हा महत्त्वाचा शारीरिक पुरावा ठरला. येथे अधिक सखोल अर्थही दडलेला आहे. आपण ज्या पातळीला राइट व्हेलची 'सामान्य' पातळी समजत होतो, तीच मुळात ताणाखालील पातळी असू शकते. ज्याने शांतता कधी अनुभवलीच नाही, त्याची स्वस्थ अवस्था कोणती हे ठरवावयाचे कसे?

७. कारणांचा विवेक :

ग्लुकोकॉर्टिकॉइड वाढले म्हणजे प्राणी दुःखात आहे, असे सरळ समीकरण मांडणे चुकीचे ठरेल. गर्भवती मादीत आणि प्रौढ नरात ही पातळी स्वाभाविकपणेच अधिक असते, असे २००६ मध्ये कॅथलीन हंट व सहकाऱ्यांनी राइट व्हेलविषयी दाखवून दिले. म्हणजे नमुना गर्भवती मादीचा आहे हे ठाऊक नसेल, तर तिचे गर्भारपण ताण म्हणून नोंदले जाण्याचा धोका असतो. आकडा तोच, पण ओळख बदलली की अर्थ बदलतो.

याचे दुसरे उदाहरण २०१७ मधील रोलंड व सहकाऱ्यांच्या अभ्यासात सापडते. मासेमारीच्या दोरखंडात दीर्घकाळ अडकलेल्या राइट व्हेलमध्ये ताणसंप्रेरकांची पातळी अतिशय उंचावलेली होती. जहाजाच्या धडकेने तत्काळ मृत्युमुखी पडलेल्या प्राण्यांमध्ये मात्र ती निरोगी प्राण्यांसारखीच आढळली, कारण विष्ठेत ठसा उमटण्याइतका वेळच त्यांना मिळाला नव्हता. या तुलनेतून पद्धतीची विश्वासार्हता तर सिद्ध होतेच. शिवाय दोरखंडात अडकून येणारे मरण किती दीर्घ यातनांचे असते, हेही समजते. २००९ पर्यंतच्या छायाचित्रांच्या अभ्यासानुसार या प्रजातीतील सुमारे ८३ टक्के प्राणी आयुष्यात किमान एकदा तरी दोरखंडात अडकले होते, ही बाब लक्षात घेता या निष्कर्षाचे गांभीर्य वाढते.

कारणांचा भेद करण्यासाठी एकाऐवजी दोन संप्रेरके एकत्र पाहणे उपयुक्त ठरते. उपासमार झाली असता ग्लुकोकॉर्टिकॉइड वाढते आणि त्याच वेळी ऊर्जेची बचत व्हावी म्हणून अवटू ग्रंथीचे टी-३ हे संप्रेरक घटते. आवाज किंवा वर्दळ यांसारख्या त्रासाने ग्लुकोकॉर्टिकॉइड वाढते, परंतु टी-३ मध्ये तशी घट अपेक्षित नसते. सॅलिश समुद्रातील ओर्कांबाबत हाच निकष २०१२ मधील एका अभ्यासात वापरला गेला. पर्यटकांच्या नौका सर्वाधिक असतात त्या काळात तेथे सामन मासाही मुबलक असतो. ग्लुकोकॉर्टिकॉइड मात्र त्याच काळात कमी आढळले आणि मासा दुर्मीळ असताना वाढलेले दिसले. यावरून नौकांपेक्षा अन्नाची टंचाई हा मोठा घटक असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला. फंडीच्या उपसागरात आवाजाचा पुरावा मिळाला म्हणून सर्वत्र आवाजच दोषी, असे म्हणता येत नाही. प्रत्येक समुदायाचे निदान स्वतंत्रपणेच करावे लागते.

८. अन्य माध्यमे :

विष्ठेखेरीज आणखी काही माध्यमांचा अवलंब केला जातो. देवमासा श्वास सोडताना जो फवारा उडतो त्यात सूक्ष्म प्रमाणात संप्रेरके असतात. लांब दांडीच्या टोकाला तबकडी बांधून किंवा ड्रोनच्या साहाय्याने हा फवारा टिपता येतो. त्यात समुद्राचे पाणी किती मिसळले हे कळत नसे, ही मोठी अडचण होती. २०१८ मध्ये बर्जेस व सहकाऱ्यांनी फवाऱ्यातील युरियाचे प्रमाण आधारभूत मानून ती बऱ्याच अंशी दूर केली.

बलीन म्हणजे दात नसलेल्या देवमाशाच्या वरच्या जबड्यातून लोंबणाऱ्या, अन्न गाळणाऱ्या शृंगी पट्ट्या. त्या नखांप्रमाणे सतत वाढतात आणि वाढताना त्या त्या काळातील संप्रेरके त्यांत साठत जातात. राइट व्हेलच्या लांब पट्टीत सुमारे दशकभराचा इतिहास वाचता येतो. 'स्टम्पी' या नावाने नोंदवहीत असलेली मादी २००४ मध्ये जहाजाच्या धडकेने मेली, तेव्हा तिच्या पोटात पूर्ण वाढ झालेले पिल्लू होते. तिच्या व आणखी एका मृत मादीच्या बलीनचे परीक्षण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रोजेस्टेरॉनचे उंचवटे त्यांच्या ज्ञात गर्भावस्थांशी जुळून आले. येथेही मेळ बसला तो नोंदवहीमुळेच. त्याचप्रमाणे कानात थरांथरांनी साठणाऱ्या मळाच्या २० गड्ड्यांवरून २०१८ मध्ये सुमारे दीडशे वर्षांतील कॉर्टिसॉलचा आलेख मांडण्यात आला. विसाव्या शतकातील शिकारीचे प्रमाण आणि हा आलेख यांची चढउतार बरीचशी मिळतीजुळती होती. अर्थात बलीन व कानातील मळ ही साधने मृत प्राण्याकडूनच मिळतात. त्वचेखालील चरबीचा तुकडा बाणाने घेण्याची पद्धतही प्रचलित आहे, पण तीत अल्पशी का होईना इजा होते. म्हणून ती काटेकोर अर्थाने अनाक्रमक म्हणता येत नाही.

९. मर्यादा :

पद्धतीच्या मर्यादांचा थोडक्यात निर्देश करणे आवश्यक आहे. विष्ठेचा नमुना प्राणी जेथे अन्न घेतो तेथेच प्रामुख्याने मिळतो. प्रसूतिक्षेत्रात माद्या फारसे खात नाहीत, त्यामुळे तेथील अवस्था या मार्गाने कळत नाही. आहार व पचनाचा वेग यांचा परिणाम आकड्यांवर होतो. भिन्न प्रयोगशाळांचे व भिन्न चाचण्यांचे आकडे थेट तुलनेस योग्य नसतात. शिवाय सागराचे तापमान वाढल्यामुळे २०१० नंतर कोपेपॉडांचे क्षेत्र बदलले आणि राइट व्हेल फंडीचा उपसागर मोठ्या प्रमाणावर सोडून उत्तरेकडील सेंट लॉरेन्सच्या आखातात जाऊ लागले. २०१७ मधील कॅनडाकडील मृत्यू याच आखातात घडले, कारण तेथे त्यांच्या संरक्षणाची पुरेशी व्यवस्था तेव्हा नव्हती. अनेक वर्षे एका ठिकाणी जमवलेली आधारभूत पातळी नव्या ठिकाणी कितपत लागू पडते, हा प्रश्न त्यामुळे निर्माण झाला आहे.

१०. भारतीय संदर्भ :

विष्ठेतील संप्रेरकांच्या मापनाची पद्धती आपल्या देशात अपरिचित नाही. हैदराबाद येथील पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या लुप्तप्राय प्रजाती संवर्धन प्रयोगशाळेत वन्य प्राण्यांवर असे काम झाले आहे. कान्हा व बांधवगड येथील वाघांच्या विष्ठेचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास विशेष उल्लेखनीय आहे. पर्यटनाच्या काळात वाघांमधील ताणसंप्रेरकांची पातळी वाढते, असे त्यातून दिसून आले. म्हणजे प्रयोगशाळेचे कौशल्य आपल्याकडे आहे.

सागरी सस्तन प्राण्यांच्या बाबतीत मात्र पहिली पायरी, म्हणजे ओळख, हीच अपुरी आहे. अरबी समुद्रातील हम्पबॅक देवमाशांचा समुदाय इतर हम्पबॅकप्रमाणे ध्रुवीय प्रदेशाकडे स्थलांतर करीत नाही. ओमानच्या किनाऱ्यावर त्याची संख्या शंभराहून कमी असल्याचा अंदाज आहे. ओमानजवळ उपग्रह-खूण बसवलेली 'लुबान' ही मादी २०१७-१८ च्या हिवाळ्यात समुद्र ओलांडून गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत आली व पुढे दक्षिणेकडे गेली होती. कोकणच्या किनाऱ्यालगतही देवमाशांचे अस्तित्व नोंदले गेले आहे. पण त्यांतील कोण कोणती मादी, तिला पिल्लू कधी झाले, याची सलग नोंद आपल्याकडे नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे पिल्लू जिवंत अडकले. ग्रामस्थ व यंत्रणांनी शर्थ करून त्याला समुद्रात नेले, परंतु ते वाचले नाही. एरवी देवमासा आपल्या वृत्तपत्रांत येतो तो त्याच्या तथाकथित 'उलटी'च्या तस्करीच्या बातम्यांत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये या प्राण्याला सर्वोच्च संरक्षण आहे. मात्र ज्याचे संरक्षण करावयाचे त्याची ओळखच नसेल, तर तो ताणाखाली आहे की नाही हे विचारण्याची सोयही राहत नाही.

११. निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :
(१) विष्ठा, उच्छ्वास व बलीन यांतील संप्रेरकांच्या मापनामुळे देवमाशाला स्पर्श न करता त्याची गर्भावस्था व ताण यांचे निदान शक्य झाले आहे.
(२) जन्मदर घटण्याची भिन्न कारणे केवळ गणतीतून कळत नाहीत. संप्रेरकांच्या अभ्यासाने गर्भधारणा न होणे आणि गर्भ न टिकणे यांत भेद करता येतो.
(३) जहाजांचा आवाज, दोरखंड व अन्नटंचाई यांचे परिणाम मृत्यूपूर्वीच लक्षात येऊ शकतात; त्यामुळे उपाययोजना वेळेत करण्यास आधार मिळतो.
(४) संप्रेरकाचा आकडा स्वयंपूर्ण नसतो. प्राण्याची ओळख, त्याचा जीवनेतिहास आणि दीर्घकालीन नोंदी यांच्या जोडीनेच त्याला अर्थ प्राप्त होतो.

यांपैकी शेवटचा निष्कर्ष महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने सर्वाधिक मोलाचा वाटतो. सप्टेंबर २००१ मध्ये फंडीच्या उपसागरात जे हाती आले, ते त्या आठवड्यात कोणी ठरवून केलेल्या प्रयोगाचे फळ नव्हते. त्यापूर्वीपासून कोणीतरी नियमाने नमुने गोठवीत होते, ध्वनिमुद्रण करीत होते आणि १९८० पासून छायाचित्रे जुळवीत होते, म्हणून त्या अनपेक्षित शांततेची नोंद झाली. महागडी उपकरणे प्रत्येक महाविद्यालयाकडे असणार नाहीत. परंतु किनाऱ्यावरील महाविद्यालयांनी आपापल्या परिसरात अडकलेल्या व दिसलेल्या सागरी प्राण्यांची दिनांक, स्थळ, छायाचित्र व मोजमाप यांसह नोंद वर्षानुवर्षे ठेवणे अशक्य नाही. वर्गात विचारल्या गेलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखकाला आता देता येते : देवमाशाची संप्रेरके तो मागे टाकून गेलेल्या वस्तूंतून मोजतात. मात्र तो देवमासा कोण, हे आधी माहीत असावे लागते.